साडेसहा हजार केल्विनची वंशवेल

किराणा दुकानात मिळणाऱ्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बचं खोकं जरा नीट वाचून बघा. कंपनीचं नाव, वॅट, लुमेन, आणि कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत '६५०० के'. हा 'के' म्हणजे केल्विन, तापमानाचं एकक. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५७७२ केल्विन आहे. म्हणजे हा बल्ब सूर्यापेक्षा सातशे अंशांनी गरम असल्याचं सांगतो, आणि आपण तो खुशाल हाताने फिरवून होल्डरमधून काढतो.

आता पुढचं नवल. मोबाइलवर एक ॲप उतरवायचं, बल्बखाली पांढरा कागद ठेवायचा, कॅमेरा त्याच्यावर धरायचा. पडद्यावर आकडा येतो: ६२८०, कधी ६७१०. फोनच्या कॅमेऱ्यात तापमापक नसतो. बल्बही तेवढा तापलेला नसतो. मग हा आकडा कुणी काढला, कशावरून काढला?

मागे गेलं की दोन घराणी सापडतात. एक भट्टीवाल्यांचं. रंगावरून उष्णता ओळखणं ही त्यांची गरज. दुसरं फोटोवाल्यांचं. त्यांना उजेडाचा रंग ओळखायचा होता तो केवळ घालवण्यासाठी. फोनमध्ये या दोन घराण्यांची सोयरीक झाली आहे आणि आकड्यातली सगळी गंमत, सगळा घोळ त्या सोयरिकीतून आला आहे.

भट्टीवाल्यांपासून सुरुवात करू. लोहार लोखंडाचा रंग बघून घाव घालतो. आधी काळपट लाल, मग लालबुंद, केशरी, पिवळं, शेवटी पांढरंफटक. पण एकाचं केशरी ते दुसऱ्याचं पिवळं, आणि दिवसा लाल दिसणारं लोखंड अंधाऱ्या शेडमध्ये वेगळंच दिसतं. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचा चिनी मातीचा कारखानदार जोसाया वेजवुड याला हे परवडण्यासारखं नव्हतं. अंदाज चुकला की अख्खी भट्टी वाया. १७८२ मध्ये त्याने आपला पायरोमीटर जाहीर केला. मातीच्या छोट्या गोट्या भट्टीत टाकायच्या, बाहेर काढून थंड करायच्या आणि निमुळत्या होत जाणाऱ्या पितळी खाचेत सरकवायच्या. जितकी जास्त भाजली तितकी गोटी आक्रसते, तितकी ती खाचेत पुढे जाते. दुसऱ्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. मात्र त्याच्या मोजपट्टीचा शून्य अंश कुठे होता? भरदिवसा लोखंड लाल दिसू लागतं, तिथे. डोळ्यावर विश्वास नको म्हणून केलेल्या यंत्राची सुरुवात डोळ्यापासूनच झाली होती. वरचे आकडे तर त्याने फारच फुगवले होते, हे पुढे उघड झालं.

त्याचा मुलगा टॉमस याने १७९२ मध्ये निरीक्षण मांडलं की वेगवेगळे पदार्थ तापवले तरी ते जवळपास एकाच उष्णतेला प्रकाशू लागतात. सोनं असो की लोखंड, लाल होण्याची वेळ एकच. हाच टॉमस पुढे चांदीच्या क्षाराचा लेप दिलेल्या कागदावर आणि कातड्यावर उजेडाने चित्रं उमटवू लागला. त्याविषयीचा लेख १८०२ मध्ये हम्फ्री डेव्हीने प्रसिद्ध केला. चित्रं उमटत होती, पण टिकवता येत नव्हती. म्हणजे भट्टीवाल्यांच्या पोटीच फोटोवाल्यांचा पहिला पुरुष जन्मला.

न्यूयॉर्कचा रसायनशास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर असाच दोन्हीकडचा. १८४० मध्ये त्याने आपल्या बहिणीचा फोटो काढला. माणसाच्या चेहऱ्याच्या अगदी सुरुवातीच्या फोटोंत त्याची गणना होते. १८४७ मध्ये त्याने प्लॅटिनमच्या पट्टीतून वीज सोडली, ती हळूहळू तापवली आणि सांगितलं की घन पदार्थ साधारण ५२५ अंश सेल्सिअसला अंधारात लाल दिसू लागतात. तापमान वाढवत नेलं की त्या उजेडात पिवळा, हिरवा आणि निळा भाग एकेक करून सामील होत जातो. ही गोष्ट फार मोठी होती. रंग हा पदार्थाचा नव्हे, उष्णतेचा, असं ती सांगत होती.

हायडेलबर्गला गुस्ताव किर्खोफने १८५९–६० मध्ये या निरीक्षणाला सिद्धान्ताचं रूप दिलं. अंगावर पडलेला सगळा प्रकाश गिळणारा एक आदर्श 'कृष्णपदार्थ' त्याने कल्पिला. तो तापवला तर कोणता रंग किती बाहेर पडेल, हे फक्त तापमानावर ठरतं. ते सूत्र शोधून काढा, असं आव्हान त्याने पुढच्या पिढीला देऊन ठेवलं. उत्तर यायला चाळीस वर्षं लागली, आणि ते आलं दिव्यांच्या निमित्ताने. १८८७ मध्ये बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला जर्मनीची सरकारी मापन-संस्था उभी राहिली. गॅसबत्ती आणि विजेचा दिवा यांच्यात तेव्हा बाजारपेठेची झुंज लागली होती. कोणता दिवा किती उजेड देतो, हे ठरवायला एक पक्कं प्रमाण हवं होतं. त्या संस्थेत लुमर आणि कुर्लबाउम यांनी पोकळ नळी तापवून तिच्या छोट्या भोकातून बाहेर येणारा उजेड मोजला. भोकात शिरलेला प्रकाश आतच जिरतो, म्हणून ते भोक जवळजवळ आदर्श कृष्णपदार्थ ठरतं. त्या मोजमापांत जुनी सूत्रं बसेनात. १९ ऑक्टोबर १९०० रोजी माक्स प्लांकने बसणारं सूत्र मांडलं आणि १४ डिसेंबरला त्याची उपपत्ती सांगितली. पुंजवादाचा जन्म म्हणून ती तारीख सांगतात. प्लांकच्या सूत्राची अधिक स्वच्छ उपपत्ती १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनकडे पाठवली. आपल्या कथेपुरतं इतकंच पुरे की आता तापमान सांगितलं की रंग गणिताने काढता येऊ लागला होता.

मग उलटं का नाही? रंगावरून तापमान? शार्लोटेनबुर्गलाच १९०१ मध्ये होलबोर्न आणि कुर्लबाउम यांनी त्यासाठी नामी उपकरण केलं. दुर्बिणीसारखी नळी भट्टीच्या तोंडाकडे रोखायची. नळीच्या आत, नजरेच्या वाटेतच, एक बारीक दिव्याची तार. समोर भट्टीचा धगधगता गोल आणि त्यावर आडवी तार. वाटेत लाल काच घातलेली, म्हणजे दोन्ही एकाच रंगात दिसतात. तार काळी दिसली तर ती भट्टीपेक्षा थंड. मग वीज वाढवायची. उजळ दिसली तर जास्त झाली, कमी करायची. एका क्षणी तार भट्टीच्या उजेडात विरघळल्यासारखी नाहीशी होते. त्या क्षणीचा विजेचा आकडा टिपायचा आणि तक्त्यात तापमान बघायचं. इथे डोळा केशरी की पिवळं हे ठरवत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की दोन्ही सारखे आहेत की नाहीत. डोळ्याचा हा गुण विलक्षण आहे: एकटा रंग त्याला नीट सांगता येत नाही, पण शेजारी ठेवलेल्या दोन रंगांतला फरक तो अचूक पकडतो.

दिव्यांच्या कारखान्यांनी ही युक्ती उचलली. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या नेला प्रयोगशाळेत एडवर्ड हाइड आणि त्याचे सहकारी कार्बनच्या आणि टंगस्टनच्या तारांचा उजेड कृष्णपदार्थाच्या उजेडाशी जुळवून बघत होते. ज्या तापमानाच्या कृष्णपदार्थाशी दिव्याचा रंग जुळेल, ते त्या दिव्याचं 'कलर टेंपरेचर', रंगतापमान. पहिल्यापासूनच हे तापमान जरा नावापुरतं होतं. टंगस्टनची तार प्रत्यक्षात जेवढी तापलेली असते, त्यापेक्षा तिचं रंगतापमान थोडं जास्त भरतं. तरी फरक किरकोळ होता, आणि तार खरोखरच तापलेली होती. म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

१९३१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाची बैठक झाली. तिथे तीन प्रमाण-उजेड ठरले: ए, बी आणि सी. 'ए' म्हणजे टंगस्टनचा दिवा, २८४८ केल्विनला चालवलेला. 'बी' म्हणजे दुपारचं ऊन आणि 'सी' म्हणजे सर्वसाधारण दिवसाचा उजेड. ऊन प्रयोगशाळेत आणायचं कसं? रेमंड डेव्हिस आणि गिब्सन यांनी त्यासाठी पाण्याचे चष्मे केले होते. 'ए' दिव्यापुढे काचेच्या दोन चपट्या कुप्या, प्रत्येकीत एक सेंटिमीटर जाडीचं द्रावण. एकीत मोरचूद आणि पिरिडीन, दुसरीत कोबाल्टचा क्षार, मोरचूद आणि गंधकाम्ल. पिवळा उजेड या निळ्या पाण्यातून गाळला की दुसऱ्या बाजूने दुपार बाहेर पडायची. 'ए' दिव्याचा आकडा पुढे २८५६ झाला. दिवा बदलला नाही, उजेड बदलला नाही; प्लांकच्या सूत्रातला एक स्थिरांक सुधारला गेला, म्हणून त्याच उजेडाच्या गळ्यात नवा आकडा पडला.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या मापन-संस्थेत अर्विन प्रीस्टच्या लक्षात आलं की केल्विनची पायरी डोळ्याला सारख्या उंचीची वाटत नाही. २७०० आणि २८०० या दोन दिव्यांतला फरक सहज दिसतो, ६५०० आणि ६६०० मधला कळतही नाही. त्याने दहा लाखाला तापमानाने भागून नवी पट्टी केली. छायाचित्रकार तिला 'मायर्ड' म्हणून ओळखतात. या पट्टीवर पहिला फरक सुमारे १३ भरतो आणि दुसरा अडीचपेक्षाही कमी. साधारण पाचाच्या खालचा फरक डोळ्याला जाणवत नाही. हा हिशेब ध्यानात ठेवा; फोनच्या पोटात तो पुन्हा भेटणार आहे.

आता दुसरं घराणं. काळ्या-पांढऱ्या फोटोला उजेडाच्या रंगाची फारशी फिकीर नव्हती. १९३५ मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म आली आणि पंचाईत झाली. माणसाचा डोळा घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काही वेळातच पिवळेपणा विसरतो आणि कागद पांढराच बघतो. जर्मन शास्त्रज्ञ फॉन क्रीस याने १९०२ मध्ये या जुळवून घेण्याचं गणितही मांडलं होतं. फिल्म काही विसरत नाही. दिव्याखाली काढलेला फोटो तिने कावीळ झाल्यासारखा दाखवला. मग फिल्मच दोन जातींच्या निघाल्या. एक सुमारे ५५०० केल्विनच्या उन्हासाठी, दुसरी ३२०० किंवा ३४०० च्या दिव्यांसाठी. जात आणि उजेड जुळले नाहीत तर भिंगापुढे काच लावायची: दिव्याची फिल्म उन्हात वापरायची तर केशरी '८५', उन्हाची फिल्म दिव्याखाली तर निळी '८० ए'.

कोणती काच लावायची हे ठरवायला उजेड मोजणं आलं. १९५० च्या दशकात जर्मनीच्या गॉसेन कंपनीचा 'सिक्स्टिकलर' मुठीत मावणारा कलर मीटर होता. त्याचं मर्म साधं होतं: तांबड्या काचेआड किती उजेड येतो आणि निळ्या काचेआड किती, याचं गुणोत्तर. तांबडं जास्त तर काटा कमी केल्विनकडे, निळं जास्त तर वर. भट्टीवाल्यांनी जे तापलेल्या तारेसमोर डोळा लावून केलं, ते आता दोन काचांमधून होऊ लागलं. कृष्णपदार्थ मात्र दृष्टिआड झाला. तो काट्यामागच्या आकड्यांत छापला गेला होता.

मुंबईच्या शूटिंगच्या सेटवर ही भाषा अंगवळणी पडली आहे. टंगस्टनचे दिवे ३२००, बाहेरचं ऊन ५६००. खोलीत टंगस्टन आणि खिडकीतून ऊन असेल तर खिडकीच्या काचेवर केशरी जिलेटिन चढवतात, त्याला 'सीटीओ' म्हणतात. उलटं करायचं तर दिव्यावर निळं 'सीटीबी'. इथे आकड्याचा अर्थ अगदी रोकडा आहे. तापमान किती याच्याशी कुणालाच कर्तव्य नाही. कोणता कागद चढवायचा, एवढंच विचारायचं असतं.

डिजिटल कॅमेऱ्याने ती काच गणितात नेली. १९७६ मध्ये कोडॅकच्या ब्राइस बायरला पेटंट मिळालं: सेन्सरच्या एकेका ठिपक्यावर तांबडी, हिरवी किंवा निळी चिमुकली गाळणी, हिरव्या दुप्पट. आजच्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यांत हीच मांडणी आहे. पिवळ्या बल्बखाली निळे ठिपके उपाशी राहतात, म्हणून कॅमेरा निळ्या आकड्यांना मोठ्या संख्येने गुणतो. उन्हात निळं भरपूर मिळतं, तेव्हा तिथला गुणाकार लहान ठेवतो आणि तांबड्याचा वाढवतो. यालाच 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात. २०१४ मध्ये ॲपलने आयओएस ८ मध्ये आणि गूगलने अँड्रॉइड ५ मध्ये हे गुणक ॲप बनवणाऱ्यांना वाचायला खुले केले.

इथे सोयरीक पक्की झाली. फोनच्या कॅमेऱ्याने मोजणारी ॲप्स उजेडाचा रंग वेगळं उपकरण लावून मोजत नाहीत. पांढरा कागद पांढरा दिसावा म्हणून तांबड्याला आणि निळ्याला किती गुणावं लागतं, हे ती बघतात आणि त्यावरून केल्विन काढतात. कॅमेऱ्याला उजेडाचा रंग पुसायचा असतो. पुसायला किती खटपट पडली, तिचा आकडा म्हणजे आपलं मोजमाप. म्हणून कागद महत्त्वाचा. पिवळ्या भिंतीकडे कॅमेरा धरला तर भिंतीचा पिवळेपणाही उजेडाच्या खात्यावर जमा होतो. ज्या कागदाला निळसर झाक देऊन जास्त पांढरा केलेला असतो तोही थोडी फसवणूक करतो. फोटोवाल्यांचा करडा पत्ता, म्हणजे ग्रे कार्ड, त्यापेक्षा भरवशाचा.

गुणकावरून केल्विनकडे जायचं कसं? त्यासाठी सेन्सरची ओळखपत्रं लागतात. ॲडोबीने २००४ मध्ये आणलेल्या डीएनजी या फोटो-फाइलीत ती उघड बघायला मिळतात. सहसा दोन तक्ते असतात: हा सेन्सर 'ए' दिव्याखाली कसा बघतो आणि 'डी६५' खाली कसा बघतो. 'ए' म्हणजे १९३१ च्या केंब्रिजचा तोच टंगस्टनचा दिवा. 'डी६५' त्याचा धाकटा भाऊ, दिवसाच्या उजेडाचं प्रमाण. जड, मॅकॅडम आणि विशेत्स्की यांनी १९६४ मध्ये रॉचेस्टर, एनफिल्ड आणि ओटावा इथे नोंदलेल्या दिवसाच्या उजेडाच्या ६२२ वर्णपटांवरून त्याचा पाया घातला. त्याचं खरं रंगतापमान ६५०४ आहे. वरचे ते चार म्हणजे त्याच सुधारलेल्या स्थिरांकाचा प्रसाद. मधल्या कुठल्याही उजेडासाठी दोन तक्त्यांच्या दरम्यानची जागा काढतात, आणि ती काढतात तापमानाच्या व्यस्तावरून, म्हणजे प्रीस्टच्या मायर्डच्या हिशेबाने. कॅमेऱ्याचा निर्माता ही ओळखपत्रं मन लावून बनवतो की नाही, यावर ॲपची अचूकता अवलंबून. एकाच बल्बखाली दोन फोन दोन आकडे सांगतात ते यामुळे.

शिवाय बल्बही बदलला. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत तेजस्वी निळा एलईडी केला. त्यावर पिवळ्या रंगाने उजळणारा फॉस्फर लावला की डोळ्याला पांढरं दिसतं. २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या उजाला योजनेने असे बल्ब घराघरांत पोचवले. या उजेडात तापलेलं असं काही नाही. निळ्याचं एक टोकदार शिखर आणि पिवळ्याचा पसरट डोंगर, कृष्णपदार्थाच्या गुळगुळीत उताराशी काही संबंध नाही. डेव्हिसने १९३१ मध्येच अशा प्रसंगासाठी वाट काढून ठेवली होती: नेमका जुळणारा कृष्णपदार्थ नसेल तर सर्वांत जवळचा घ्या. बल्बच्या खोक्यावर असतो तो हा 'जवळचा' आकडा. पण जवळचा म्हणजे किती जवळचा, हे खोकं सांगत नाही. रंग कृष्णपदार्थाच्या रेषेच्या एका बाजूला सरकला तर उजेड हिरवट होतो, दुसऱ्या बाजूला सरकला तर गुलाबी, आणि केल्विन दोन्हीकडे तोच. जुन्या दोन-काची मीटरला हिरवं दिसतच नव्हतं, म्हणून ट्यूबलाइटखाली तो फसायचा. फोनला हिरवं दिसतं. चांगली ॲप्स केल्विनसोबत 'टिंट' म्हणून आणखी एक आकडा देतात, तो वाचावा.

तरीही एक गोष्ट तीन रंगांच्या हिशेबात येत नाही. दोन बल्बांचे केल्विन आणि टिंट अगदी सारखे असले तरी त्यांचे वर्णपट वेगळे असू शकतात. पैठणी घेताना बायका ती दुकानाच्या दारात नेऊन उन्हात बघतात, ते याच कारणाने. वर्णपटातून तांबड्याचा एखादा तुकडा गायब असला तर पांढरा कागद पांढराच दिसतो, पण डाळिंबी काठ मात्र मलूल होतो. कागदावरून काढलेल्या केल्विनला हे कळण्याचा मार्ग नाही.

मग आकड्यावर किती विसंबायचं? खोक्यावरचा आकडाही नेमका नसतो. अमेरिकन मानकानुसार '६५००' चा शिक्का ६५३० च्या अलीकडे-पलीकडे ५१० केल्विनपर्यंत चालतो, '२७००' ला मात्र २७२५ च्या भोवती फक्त १४५ ची सूट. प्रीस्टचा हिशेब लावला तर हा पक्षपात नाही. वरच्या पट्टीत मोठा फरकही डोळ्याला थोडाच दिसतो. त्यामुळे फोनने साडेसहा हजारच्या बल्बला ६२८० म्हटलं तर दुकानदाराशी भांडायचं कारण नाही. दिवाणखान्यात शेजारी लावलेल्या दोन पिवळ्या बल्बांत तोच फोन २७०० आणि ३००० दाखवत असेल, तर मात्र एक बदलून आणावा; तो फरक भिंतीवर दिसणारच.

याचं मर्म उपकरणाच्या स्वभावात आहे. होलबोर्नने तार भट्टीशी जुळवली, हाइडने दिवा कृष्णपदार्थाशी जुळवला, गॉसेनने तांबडं निळ्याशी तोललं. एकट्या उजेडाचा आकडा यांपैकी कुणीच काढला नाही. प्रत्येकाने दोन उजेड शेजारी ठेवले आणि त्यांतल्या एकाला नाव दिलं. फोन दुसरा उजेड आपल्याला दाखवत नाही, म्हणून वाटतं की तो एकट्या बल्बकडे बघून बोलतो आहे. तेव्हा फोनने मोजायचं तर एकच फोन, एकच करडा पत्ता आणि कमीत कमी दोन दिवे घ्यावेत. एका दिव्याचा आकडा अंदाज म्हणून ऐकावा, दोहोंतलं अंतर मात्र खुशाल खरं मानावं.